राष्ट्रीय सभेचा निर्णय पटत नसेल, तर प्रेस्बिटरी काय करू शकते?

प्रभूच्या नावात सलाम.

तुम्ही मूळचे मिरजेचे, आता टेक्सासात स्थायिक, आणि तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्च यूएसएच्या एका मंडळीत एल्डर, म्हणजे मंडळीने निवडलेल्या वडिलांपैकी एक, आहात. समलिंगी विवाहाबद्दल आणि समलिंगी व्यक्तींना पाळक वा एल्डर म्हणून दीक्षा देण्याबद्दल राष्ट्रीय चर्चने घेतलेली अनुकूल भूमिका तुमच्या सेशनमधल्या, म्हणजे पाळक आणि एल्डर यांच्या कारभारी सभेतल्या, बहुतेकांना पटलेली नाही. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा निर्णय आपल्या हद्दीत लागू नाही, असं आमची प्रेस्बिटरी, म्हणजे आमच्या भागातल्या मंडळ्यांची मिळून असलेली सभा, ठरवू शकते का? वर जाणारा पैसा आम्ही थांबवू शकतो का? आणि काहीच जमलं नाही तर इमारतीसकट बाहेर पडता येईल का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं बरंचसं हो. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या मंडळीच्या हातात नाही, प्रेस्बिटरीच्या हातात आहे. इथेच थांबता आलं असतं, पण या उत्तरांमागची रचना न समजल्यामुळे चांगल्या चांगल्या मंडळ्या दुभंगलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. मी ईशान्य अमेरिकेतल्या एका प्रेस्बिटरीत आधी एल्डर म्हणून आणि पुढे बरीच वर्षं क्लार्क, म्हणजे सभेचं इतिवृत्त आणि कागदपत्रं सांभाळणारा, म्हणून काम केलं आहे. बाहेर पडू पाहणाऱ्या मंडळ्यांशी बोलणी करणाऱ्या समित्यांवरही बसलो आहे. विवाहाच्या आणि दीक्षेच्या प्रश्नावर माझं मत बदलाच्या बाजूचं होतं आणि आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्या सल्ल्याकडे कसं बघायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पण तुमच्यासारख्यांना या चर्चमध्ये जागा असली पाहिजे, हेही मी तितक्याच मनापासून मानतो.

“लुइव्हिलने आमच्यावर लादलं” हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. लुइव्हिल म्हणजे राष्ट्रीय कार्यालय, आणि त्या कार्यालयाला चर्चचं संविधान बदलण्याचा काडीचाही अधिकार नाही. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जनरल असेंब्लीला, म्हणजे राष्ट्रीय सभेलाही, तो एकटीला नाही. असेंब्ली फक्त सुधारणा सुचवते. मग ती देशभरातल्या प्रेस्बिटऱ्यांकडे जाते, वर्षभरात त्या एकेक करून मतदान करतात, आणि निम्म्याहून जास्त प्रेस्बिटऱ्यांनी होकार दिला तरच संविधानाच्या पुस्तकातलं वाक्य बदलतं. २०१० साली मिनियापोलिसच्या असेंब्लीने दीक्षेच्या अटींबद्दलची सुधारणा मंजूर केली, पण ती खरी मंजूर झाली १० मे २०११ च्या संध्याकाळी, ट्विन सिटीज प्रेस्बिटरीने ८७ वा होकार नोंदवला तेव्हा. विवाहाच्या व्याख्येचंही तसंच. २०१४ मध्ये डेट्रॉइटच्या असेंब्लीत ती ४२९ विरुद्ध १७५ मतांनी पुढे गेली, आणि १७ मार्च २०१५ रोजी न्यू जर्सीतल्या पॅलिसेड्स प्रेस्बिटरीच्या मतदानाने बहुमत पुरं झालं.

त्याआधीची वर्षं विसरू नका. १९९७ मध्ये दीक्षेसाठी “विवाहात निष्ठा किंवा अविवाहितपणी ब्रह्मचर्य” ही अट पुस्तकात आली, तीही प्रेस्बिटऱ्यांच्याच बहुमताने. ती काढून टाकण्याचे किंवा सैल करण्याचे प्रस्ताव असेंब्लीने पुढे तीन वेळा पाठवले. १९९८, २००२ आणि २००९ मध्ये प्रेस्बिटऱ्यांनी ते परत पाठवले. त्या काळात आज तुम्ही आहात त्या जागेवर मी होतो, आणि राष्ट्रीय सभेला हवं असूनही खालून नकार येत होता. चर्चच्या विश्वासकथनांच्या ग्रंथात काही घालायचं असेल तर अट आणखी कडक आहे, दोनतृतीयांश प्रेस्बिटऱ्या लागतात. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत लिहिलं गेलेलं बेलहार विश्वासकथन २०११ मध्ये एवढ्यासाठीच अडलं आणि २०१६ मध्ये स्वीकारलं गेलं.

म्हणून मी पहिली गोष्ट विचारतो ती ही, की तुमच्या स्वतःच्या प्रेस्बिटरीने त्या दिवशी कसं मतदान केलं, आणि तुमच्या मंडळीचे एल्डर तिथे हजर होते का? अनेकदा उत्तर येतं, “शनिवार होता, कुणाला जमलं नाही.” तुमचा खरा मतभेद दूरच्या कार्यालयाशी नसतो. तो वीस मैलांवरच्या मंडळीतल्या एल्डरशी असतो, जिच्यासोबत तुम्ही प्रभुभोजन घेता. तिच्याशी बोलणं लुइव्हिलला पत्र लिहिण्यापेक्षा फार अवघड आहे, आणि कामाचं तेच आहे.

राष्ट्रीय सभेचे सगळे निर्णय एका तोलाचे नसतात, हे मंडळीसमोर नीट मांडायला हवं. संविधानातल्या सुधारणेबद्दल वर सांगितलं. दुसरा प्रकार अधिकृत अर्थनिर्णयाचा, म्हणजे पुस्तकात असलेल्या वाक्याचा अर्थ असेंब्ली सांगते. तो प्रेस्बिटऱ्यांकडे जात नाही, लगेच बंधनकारक होतो. डेट्रॉइटलाच ३७१ विरुद्ध २३८ मतांनी असा एक अर्थनिर्णय झाला. जिथे राज्याचा कायदा परवानगी देतो तिथे पाळकांनी समलिंगी जोडप्याचा विवाह लावला तर ते चूक ठरणार नाही, असा तो होता. बहुमताच्या बाजूचा असूनही मला हा मार्ग नेहमी थोडा खटकत आला आहे, कारण प्रेस्बिटऱ्यांना विचारायच्या आधीच त्याने परिस्थिती बदलते.

तिसरा प्रकार सामाजिक भूमिकांचा. त्याच डेट्रॉइटच्या सभेने इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातल्या व्यवहारांवरून कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड आणि मोटोरोला सोल्युशन्स या तीन कंपन्यांतले चर्चचे शेअर विकायचं ठरवलं, ३१० विरुद्ध ३०३, फक्त सात मतांनी. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, आणि माझ्या फोनवर आठवडाभर एल्डरांचे संतापाचे फोन. पण असा ठराव तुमच्या मंडळीला काहीही करायला लावत नाही. तुमच्या सेशनने त्यावर दुसऱ्या दिवशी विरोधाचा ठराव केला तरी कुणी काही म्हणणार नाही. लोक चर्च सोडायला निघतात तेव्हा त्यांच्या तक्रारींच्या यादीत निम्म्या गोष्टी या तिसऱ्या प्रकारच्या असतात. सेशनच्या बैठकीत कागदाचे तीन रकाने करा आणि तुमची प्रत्येक तक्रार कोणत्या रकान्यात बसते ते ठरवा. माझ्या अनुभवात तेवढ्यानेच खोलीतला आवाज निम्मा खाली येतो.

असेंब्लीत जाणाऱ्यांबद्दलही एक शब्द. प्रेस्बिटरी निम्मे पाळक, निम्मे एल्डर असे आयुक्त निवडून पाठवते. ते तुमच्या मंडळीचे आमदार नव्हेत. लोकांची इच्छा तशीच पुढे पोचवायची नाही, सगळ्यांनी मिळून ख्रिस्ताची इच्छा शोधायची, असं आमचं पुस्तक स्पष्ट सांगतं. “आमचा माणूस आमच्याविरुद्ध मत देऊन आला” ही तक्रार म्हणूनच तिथे चालत नाही. हा नियम दोन्ही बाजूंना जाचतो, आणि तो तसाच असावा असं मला वाटतं. नाहीतर इतके दिवस प्रार्थना, साक्ष आणि चर्चा ऐकण्याला अर्थच राहणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. प्रेस्बिटरी आपल्या हद्दीपुरतं राष्ट्रीय संविधान बाजूला ठेवू शकते का? कॅलिफोर्नियातल्या लॉस रँचोस प्रेस्बिटरीने नेमका हाच प्रयत्न केला होता. दीक्षेची अट देशपातळीवर बदलल्यावर २०११ मध्ये तिने ठराव केला, की आमच्या हद्दीत आम्ही जुनंच वागणुकीचं प्रमाण मानू. प्रकरण चर्चच्या सर्वोच्च न्यायिक आयोगापुढे गेलं आणि २०१२ मध्ये तो ठराव टिकला नाही. कारण साधं आहे. एखाद्या खालच्या सभेने संविधान आपल्या शब्दांत पुन्हा लिहायला घेतलं, तर संविधान उरतच नाही. पण त्याच निकालाची दुसरी बाजू तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. सरसकट धोरण करता येत नाही, तरी प्रत्येक उमेदवाराची परीक्षा घेऊन निर्णय करण्याचा अधिकार सेशनकडे आणि प्रेस्बिटरीकडेच आहे. समोर बसलेल्या एका माणसाला त्याच्या विश्वासाबद्दल, पाचारणाबद्दल, जगण्याबद्दल विचारा आणि मग मत द्या. वरून कुणी तुमच्या मंडळीवर एल्डर नेमत नाही.

विवाहाबद्दल तर पुस्तकात थेट संरक्षण आहे. पवित्र आत्म्याला आणि देवाच्या वचनाला जे विसंगत वाटतं, असा विवाह लावण्याची सक्ती कोणत्याही पाळकावर नाही, आणि त्यासाठी इमारत देण्याची सक्ती कोणत्याही सेशनवर नाही. तुमच्या पत्रातला सूर बघता हे तुमच्या मंडळीत कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. पुढच्या बैठकीत ते कलम मोठ्याने वाचा. २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या असेंब्लीने लैंगिक कल आणि लिंगओळख यांचा भेदभावविरोधी कलमात समावेश करण्याची, तसंच उमेदवाराच्या परीक्षेत या तत्त्वांबद्दल विचारण्याची सुधारणा प्रेस्बिटऱ्यांकडे पाठवली. त्यावरून तुमच्यासारख्या मंडळ्यांत पुन्हा धास्ती आहे हे मला माहीत आहे. ऐकीव माहितीवर जाऊ नका. चालू आवृत्तीतली नेमकी वाक्यं क्लार्ककडून मागवून घ्या आणि सगळ्यांच्या हातात द्या.

सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य ही या चर्चमधली जुनी गोष्ट आहे, पण तिला नेहमीच कुंपण होतं. १७२९ मध्ये फिलाडेल्फियाच्या सिनडने, म्हणजे प्रेस्बिटरीच्या वरच्या सभेने, वेस्टमिन्स्टर विश्वासकथन स्वीकारलं तेव्हाच एक सोय ठेवली. एखाद्या पाळकाला त्यातल्या एखाद्या कलमाबद्दल शंका असेल तर त्याने ती उघड सांगावी, आणि ती शंका मूलभूत गोष्टीबद्दल आहे की नाही हे प्रेस्बिटरीने ठरवावं. पुढे १७४१ मध्ये पुनरुज्जीवनाच्या लाटेवरून चर्च फुटलं आणि १७५८ मध्ये पुन्हा एक झालं. त्या एकीकरणाच्या वेळी ठरलेली एक अट मी आजही प्रत्येक नाराज सेशनला वाचून दाखवतो. बहुमताने काही ठरलं की सभासदाने मनापासून साथ द्यावी, किंवा विरोध न करता ते सोसावं, आणि सद्विवेकबुद्धी यातलं काहीच करू देत नसेल तर आधी पुरेपूर आपलं म्हणणं मांडून, मग शांतपणे, फूट न पाडता बाहेर जावं. साथ, सहन, किंवा शांततेने निरोप. पावणेतीनशे वर्षांत याहून चांगला मार्ग आम्हाला सापडलेला नाही. यातला “पुरेपूर म्हणणं मांडून” हा भाग सगळे गाळतात, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

इतिहासात प्रेस्बिटरीचा विरोध कधी चर्चला वाचवणारा ठरला, कधी लाजिरवाणा. दोन्ही उदाहरणं मनात ठेवावीत.

१९१० साली असेंब्लीने पाच सिद्धांत दीक्षेसाठी अत्यावश्यक म्हणून जाहीर केले: पवित्र शास्त्राची निर्दोषता, कुमारीजन्म, ख्रिस्ताने आपल्या जागी सोसलेलं प्रायश्चित्त, शरीराने पुनरुत्थान आणि चमत्कार. १९१६ आणि १९२३ मध्ये त्यांचा पुनरुच्चार झाला. त्याविरुद्ध १९२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावाच्या नावाने ओळखलं जाणारं निवेदन निघालं आणि त्यावर १,२७४ पाळकांनी सह्या केल्या. अनेकांना वाटतं, हे लोक कुमारीजन्म नाकारत होते. तसं नव्हतं. त्यांचा मुख्य मुद्दा कारभाराचा होता. प्रेस्बिटऱ्यांना न विचारता असेंब्ली एकटी दीक्षेची नवी अट घालू शकत नाही, असं ते म्हणत होते. १९२५ मध्ये नेमलेल्या विशेष आयोगाने दोन वर्षांनी हेच मान्य केलं, आणि असेंब्लीने तो अहवाल स्वीकारला. राष्ट्रीय सभेचा हात त्या दिवशी प्रेस्बिटरीने अडवला. आज परंपरावादी ज्या संरक्षणावर उभे आहेत ते त्या वेळच्या उदारमतवाद्यांनी मिळवलेलं आहे.

दुसरं उदाहरण लुइव्हिलचंच. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ च्या असेंब्लीने ठरवलं, की दक्षिणेच्या बंडाला साथ देणाऱ्या आणि गुलामगिरीला ईश्वरी व्यवस्था मानणाऱ्या पाळकांनी पश्चात्ताप व्यक्त केल्याशिवाय त्यांना घेऊ नये. लुइव्हिल प्रेस्बिटरीने जाहीरनामा काढून हे मानायला नकार दिला. चर्चने राजकारणात पडू नये, असेंब्लीने आपली मर्यादा ओलांडली, अशी त्यांची भाषा होती. वाचताना ती फार तत्त्वनिष्ठ वाटते, आणि तिच्याखाली गुलामगिरी होती. वॉलनट स्ट्रीटवरची मंडळी दोन तुकड्यांत फुटली, इमारत कुणाची यावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८७२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की चर्चच्या सर्वोच्च सभेने ज्यांना खरी मंडळी मानलं त्यांचीच इमारत. म्हणून मतभेदाची भाषा कितीही शुद्ध असली, तरी आपण नेमकं कशाचं रक्षण करतो आहोत हे स्वतःला विचारावं लागतं. मी हे माझ्या बाजूच्या लोकांनाही तितक्याच वेळा विचारलं आहे.

स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्नही असाच. आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या शाखेने १९५६ मध्ये पाळक म्हणून स्त्रियांची दीक्षा मान्य केली. १९७४ मध्ये पिट्सबर्ग प्रेस्बिटरीने एका उमेदवाराला दीक्षा द्यायचं ठरवलं. आपण स्वतः स्त्रीला दीक्षा देणार नाही, पण दुसऱ्याने दिली तर अडवणारही नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. वरच्या न्यायिक आयोगाने प्रेस्बिटरीचा निर्णय रद्द केला. तेव्हा बरेच परंपरावादी म्हणाले, की सद्विवेकबुद्धीचं कुंपण आता फार आत आलं. आजच्या विवाहाच्या कलमातलं संरक्षण इतक्या स्पष्ट शब्दांत आहे, त्याचं एक कारण मला त्या जुन्या निकालाच्या आठवणीत दिसतं.

म्हणणं पुरेपूर मांडायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? प्रेस्बिटरीच्या सभेत तुमच्याविरुद्ध निर्णय झाला तर त्याच बैठकीत उभं राहून तुमचा असहमतीचा सूर नोंदवायला सांगा. तो इतिवृत्तात जातो. निर्णयात नियमांचा भंग आहे असं वाटत असेल तर कारणांसह लेखी निषेध द्या. त्याची सूचना त्याच बैठकीत द्यावी लागते आणि बैठक संपायच्या आत कागद क्लार्ककडे पोचावा लागतो. भाषा सभ्य असेल तर तो नोंदवून घ्यावाच लागतो. घरी जाऊन रात्री लिहिलेल्या ईमेलला ही किंमत नाही. खरोखर नियमभंग असेल तर न्यायिक आयोगाकडे तक्रार करता येते, तिची मुदत थोडी असते, तारीख क्लार्ककडून लिहून घ्या.

आणि संविधान बदलायचं असेल तर सेशनकडून प्रेस्बिटरीकडे आणि प्रेस्बिटरीकडून असेंब्लीकडे प्रस्ताव पाठवा. संविधानाबद्दलचा प्रस्ताव असेंब्लीच्या किमान १२० दिवस आधी पोचायला हवा, आणि त्याला आणखी एका प्रेस्बिटरीची तरी साथ लागते. दुसऱ्या प्रेस्बिटरीची साथ मिळवायला निघालात की पहिल्यांदा कळतं, आपल्यासारखा विचार करणारे किती आहेत आणि ते नेमका काय विचार करतात. हे सगळं संथ आहे, कंटाळवाणं आहे, आणि मी त्यावर मनापासून प्रेम करतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमला प्रेषित आणि वडील जमले, पुष्कळ वादविवाद झाला असं लिहिलं आहे, आणि मगच निर्णयाचं पत्र निघालं. तो वादविवाद वगळून नुसतं पत्र कुणाला मिळत नाही.

पैशाबद्दल आता. दर सभासदामागे ठरणारी जी रक्कम सेशनकडे मागितली जाते ती कर नाही. प्रेस्बिटरीने ती वर पोचवायची जबाबदारी घेतलेली असते, पण सेशनला ती द्यायला भाग पाडता येत नाही आणि न दिल्याबद्दल शिक्षाही करता येत नाही, असं न्यायिक आयोगाने वेळोवेळी सांगितलं आहे. तुम्ही थांबवू शकता. पण एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही राष्ट्रीय सभेचा वाटा दिला नाही तरी प्रेस्बिटरीला तो शक्य तितका वर भरावाच लागतो. म्हणजे तुमच्या रागाची झळ लुइव्हिलला क्वचितच लागते. ती शेजारच्या गावातल्या छोट्या मंडळीला मिळणाऱ्या मदतीला लागते. असहमतीची खूण म्हणून पैसे थांबवायचेच असतील तर सेशनने लेखी कारण द्यावं आणि तेवढीच रक्कम प्रेस्बिटरीच्या कुठल्या कामाला जाईल ते सांगावं.

इमारत हा सगळ्यात कडू विषय. आमच्या संविधानाप्रमाणे मंडळीची मालमत्ता संपूर्ण चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली असते. हे कलम स्पष्ट शब्दांत आलं ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्याला कारण होतं जॉर्जियातल्या एका फुटीर मंडळीचा खटला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राज्यांची न्यायालयं धर्मसिद्धांतात न शिरता खरेदीखतं, राज्याचे कायदे आणि चर्चची घटना पाहून निर्णय देऊ शकतात, आणि चर्चना आपल्या घटनेत विश्वस्ताचं कलम घालण्याची मोकळीक आहे. आमच्या चर्चने ती घेतली. दक्षिणेच्या शाखेशी १९८३ मध्ये अटलांटाला एकीकरण झालं तेव्हा तिथल्या मंडळ्यांना ठरावीक मुदतीत या तरतुदींतून सूट मागता आली. तुमची मंडळी जुनी दक्षिणेची असेल तर तिने ती मागितली होती का, हे जुन्या इतिवृत्तात शोधा. टेक्सासात हे महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एपिस्कोपल चर्चच्या प्रकरणांत राज्याच्या सर्वसाधारण मालमत्ता कायद्याचा मार्ग धरला, आणि २०२० मध्ये फोर्ट वर्थच्या प्रकरणात फुटून निघालेल्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथे वरच्या सभेची बाजू न्यायालयात आपोआप भक्कम ठरत नाही.

हे वाचून तुमच्यातला एखादा वकील एल्डर लगेच फाइल उघडेल. थांबा. डॅलसमधल्या हायलँड पार्क मंडळीने २०१३ मध्ये बाहेर पडायचं ठरवलं, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि पुढच्या वर्षी ७८ लाख डॉलर प्रेस्बिटरीला देऊन तडजोड झाली. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या मंडळीने २०१४ मध्ये जवळपास ८९ लाख डॉलर भरले. या दोन्ही फार श्रीमंत मंडळ्या होत्या. मधल्या आकाराच्या मंडळीची मोठी बचत तर वकिलांच्या बिलातच जाते. आणि १ करिंथकरांसच्या सहाव्या अध्यायात भावाने भावाला न्यायालयात खेचण्याबद्दल पौलाने जे लिहिलं, ते आमच्या दोन्ही बाजूंनी फार सोईस्करपणे विसरलेलं मी पाहिलं आहे.

बाहेर पडण्याचा चर्चमधला मार्ग असा. मंडळी स्वतःला मुक्त करू शकत नाही. तिचं मतदान म्हणजे प्रेस्बिटरीकडे केलेली विनंती. प्रेस्बिटरी तिला दुसऱ्या सुधारित (रिफॉर्म्ड) परंपरेच्या संप्रदायात पाठवू शकते, नुसतं स्वतंत्र व्हायला नाही. २०१२ मध्ये सुरू झालेला ईसीओ नावाचा प्रेस्बिटेरियन संप्रदाय किंवा १९८१ पासूनचा इव्हँजेलिकल प्रेस्बिटेरियन चर्च हे त्यातले नेहमीचे पर्याय. २००८ च्या असेंब्लीने सौजन्याने निरोप देण्याची पद्धत ठरवावी अशी विनंती प्रेस्बिटऱ्यांना केली, आणि बहुतेकींनी तशी धोरणं केली. तुमच्या प्रेस्बिटरीचं धोरण मिळवा. किती टक्के हजेरी, किती मतं, किती महिने चर्चा, सगळं त्यात असतं. सॅन फ्रान्सिस्को प्रेस्बिटरीच्या एका प्रकरणात न्यायिक आयोगाने २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट पक्की केली. मालमत्तेची किंमत आणि संपूर्ण चर्चचं हित यांचा स्पष्ट विचार केल्याशिवाय प्रेस्बिटरीने इमारत सोडून देऊ नये. त्यामुळे “आमच्याशी सौजन्याने वागा” म्हणजे “इमारत फुकट द्या” असं धरून चालू नका.

वाटाघाटींच्या टेबलावर ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही ते लोक म्हणजे मागे राहणारे. मंडळीने तीनचतुर्थांश बहुमताने जायचं ठरवलं, तरी एकचतुर्थांश लोक असे असतात ज्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे त्याच वेदीपाशी झाले आणि ज्यांना कुठेही जायचं नाही. प्रेस्बिटरीचं पहिलं कर्तव्य त्यांच्याकडे असतं. मी ज्या समित्यांवर होतो तिथे दोन्ही बाजूंनी या लोकांना मतांच्या आकड्यात मोजलं, माणूस म्हणून भेटायला फार कमी जण गेले. तुमच्या सेशनने खरंच बाहेर पडायचा विचार केला, तर राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांना एल्डरांनी घरी जाऊन भेटावं, कागदपत्रांना हात लावायच्या आधी.

तुम्ही पत्रात एक ओळ अशी लिहिली आहे, की “आमच्याकडे मिरजेला असं कुणाला करता आलं नसतं.” तिथली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, तरी दुखणं तेच आहे. कोल्हापूर-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम केलं. तिथली परंपरा १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. वरून एकीकरणाचे ठराव झाले, पण खालच्या मालमत्ता सोसायटी आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या होत्या. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की नुसत्या ठरावाने सोसायटी किंवा न्यास विलीन होत नाही, सोसायटी नोंदणी कायदा आणि मुंबई सार्वजनिक न्यास कायदा यांतली प्रक्रिया पाळावी लागते. म्हणजे आपल्याकडे शेवटचा शब्द धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीकडे जातो, आणि अमेरिकेत तो प्रेस्बिटरी, राज्याचं न्यायालय आणि खरेदीखत यांच्यात वाटला जातो. तुमच्या आईवडिलांच्या मंडळीतल्या कुणाला सल्ला देताना अमेरिकेचे दाखले तसेच लावू नका.

तुमच्या पुढच्या पावलांबद्दल माझं मत विचारलंत, म्हणून सांगतो. अजून तुम्ही “पुरेपूर म्हणणं मांडलं” या टप्प्यापर्यंत पोचलेला नाही. सेशनने गेल्या दहा वर्षांत प्रेस्बिटरीकडे एकही प्रस्ताव पाठवलेला नाही, एकही असहमती नोंदवलेली नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. तेव्हा बाहेर पडण्याची चर्चा सध्या बाजूला ठेवा. प्रेस्बिटरीच्या पुढच्या नियमित सभेची तारीख क्लार्कला विचारा आणि पाळकांबरोबर तुमच्या वाट्याचे सगळे एल्डर न्या. त्याआधी विवाहाचं कलम, सॉल्ट लेक सिटीहून पाठवलेल्या सुधारणा आणि प्रेस्बिटरीचं निरोपाचं धोरण हे तीन कागद सेशनमध्ये वाचून काढा. प्रेस्बिटरीत तुमच्याविरुद्ध मत देणाऱ्या एका मंडळीच्या सेशनला एका संध्याकाळी जेवायला बोलवा, ठराव न घेता. इतकं केल्यावरही सद्विवेकबुद्धी टोचत राहिली, तर मला पुन्हा लिहा. तुमच्या प्रेस्बिटरीच्या धोरणाची प्रत सोबत जोडा, ते कलमागणिक तुमच्याबरोबर वाचायला मी तयार आहे.